गावचा डॉक्टर (९) : पाटीवरचं एल.सी.पी.एस.

आज डॉक्टरांच्या ग्रामीण सेवेच्या बंधपत्रावर लिहायचं ठरलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो, कारण फलटणकडच्या एका वाचकांनी आजोबांच्या दवाखान्याच्या जुन्या पाटीचा फोटो पाठवलाय. नावापुढे एल.सी.पी.एस. अशी अक्षरं आहेत. त्यांनी विचारलंय, 'म्हणजे आजोबा पूर्ण डॉक्टर नव्हते का?' हा माझा जुना आवडीचा विषय, त्यामुळे राहवलं नाही.

होते हो, पूर्ण डॉक्टर होते! १९४६ साली देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा आढावा घेणाऱ्या भोर समितीचा अहवाल आला, तेव्हा देशात नोंदणी झालेले डॉक्टर साडेसत्तेचाळीस हजारांच्या आसपास होते आणि त्यातले जवळजवळ तीस हजार लायसेन्शिएट, म्हणजे पदवी नसलेले पण रीतसर शिकून परवाना मिळवलेले. आपल्याकडे त्यांची परीक्षा मुंबईचं कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स घेई; त्यावरूनच पाटीवरची एल.सी.पी.एस. ही अक्षरं. पुण्याचं बी. जे. मेडिकल स्कूल हे शिकण्याचं मोठं ठिकाण. पदवीच्या मानाने वर्षं कमी आणि खर्चही कमी, म्हणून बेताच्या परिस्थितीतल्या मुलांनाही ही वाट परवडे.

या लायसेन्शिएट डॉक्टरांचा दवाखाना पाहिलेली माणसं अजून भेटतात. आत डॉक्टर, बाहेर कंपाउंडर. लाल मिक्श्चरची बाटली घरून धुऊन न्यायची आणि तिच्यावर कंपाउंडर कात्रीने खाचा पाडलेली कागदी पट्टी डकवणार. एक खाच म्हणजे एक डोस. अक्षरओळख नसलेल्या म्हातारीलाही औषध किती घ्यायचं ते कळे.

सगळे लायसेन्शिएट खेड्यातच गेले असं मात्र समजू नका. डॉक्टर शहरांत दाटलेत ही तक्रार भोर समितीचीही होती. तरी समितीने बहुमताने ठरवलं की यापुढे देशात एकाच दर्जाचा डॉक्टर घडवायचा आणि लायसेन्शिएटचे वर्ग बंद करायचे. खेड्यातल्यांच्या माथी दुय्यम डॉक्टर का मारायचा, हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. काही सदस्यांनी वेगळं मत नोंदवलं होतं : डॉक्टर इतके थोडे असताना निम्म्याहून अधिक ज्या वाटेने येतात तीच बुजवू नका. मी त्यांच्या बाजूचा. एक दर्जा कागदावर आला, बी. जे. स्कूलचं कॉलेजही १९४६मध्येच झालं, पण आडगावाला त्या दर्जाचा डॉक्टर मिळालाच नाही. तिथे सुई टोचणारे 'डॉक्टर' झाले.

छत्तीसगडने २००१मध्ये ही वाट पुन्हा उघडून पाहिली. तीन वर्षांचा अभ्यासक्रम काढला, डॉक्टरांच्या संघटना खवळल्या, कोर्टकज्जे झाले. शिकून बाहेर पडलेल्यांना सरकारने ग्रामीण वैद्यकीय सहाय्यक म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रांत नेमलं. पुढे अभ्यासकांनी त्यांचं काम तपासलं, तेव्हा नेहमीच्या आजारांवरच्या उपचारांत ते एमबीबीएस वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या तोडीस तोड निघाले. अभ्यासक्रम मात्र तोवर गुंडाळला गेला होता.