पेपर लिहिताना हात का आखडतो, आणि त्यावर काय करावं?

फेब्रुवारी जवळ आला की गोवंडीत, शिवाजी नगरपासून बैंगनवाडी आणि लोटस कॉलनीपर्यंत, दहावी-बारावीच्या मुलांच्या घरात एक तक्रार हमखास ऐकू येते, "अम्मी, हात भरून आलाय, बोटं उघडत नाहीत." त्यावर उत्तरही ठरलेलं असतं, "मोबाईल धरताना नाही दुखत, वही घेतली की बरोबर दुखतो!" आमचं म्हणणं एवढंच की ही तक्रार हसण्यावारी नेऊ नका. वर्षभर मेहनत केलेल्या मुलाला उत्तर येत असतं, पण शेवटच्या अर्ध्या तासात हात साथ देत नाही. मग प्रश्न सुटतो, गुण जातात आणि अकरावीच्या यादीत नाव खाली सरकतं. थोडं समजून घेतलं आणि वेळेवर सराव केला, तर बहुतेक मुलांचा हा त्रास घरच्या घरी कमी होतो.

बोर्डानेही हे मानलं होतं

कोरोनाच्या काळात शाळा बंद होत्या आणि अभ्यास मोबाईलवर चालला होता. २०२१ ची दहावीची लेखी परीक्षा झालीच नाही. २०२२ मध्ये मुलं पुन्हा परीक्षेला बसली तेव्हा त्यांची लिहायची सवय मोडली होती. म्हणून महाराष्ट्र राज्य मंडळाने त्या वर्षी ७० ते १०० गुणांच्या पेपरला ३० मिनिटं आणि ४० ते ६० गुणांच्या पेपरला १५ मिनिटं जादा दिली. म्हणजे लिहिणं हे नुसतं डोक्याचं काम नाही. हाताला सवय लागते आणि ती सुटतेही, हे खुद्द बोर्डाने मान्य केलं होतं.

ही सवलत आता नाही. २०२३ पासून पेपर संपताना १० मिनिटं वाढवून मिळतात, तेवढीच. आता हिशेब करा. दहावीत गणित आणि विज्ञानाचे पेपर ४० गुणांचे, दोन तासांचे, म्हणजे एका गुणाला ३ मिनिटं. उर्दू, मराठी, इंग्रजी हे भाषांचे पेपर ८० गुणांचे, तीन तासांचे, म्हणजे एका गुणाला सव्वादोन मिनिटं. शिवाय निबंध, पत्र, सारांश असं लिखाणही तिथेच जास्त. हात आखडतो तो मुख्यतः भाषेच्या पेपरात. आपली उर्दू माध्यमाची मुलं तर तीन भाषा लिहितात. उर्दू उजवीकडून डावीकडे, मराठी-इंग्रजी डावीकडून उजवीकडे. सराव तिन्हींचा हवा.

आत नेमकं काय होतं?

बोटं वाकवणारे मोठे स्नायू बोटांत नसतात, ते कोपराखाली, हाताच्या पुढच्या भागात असतात. तिथून दोरीसारखे कंडरे मनगटातून बोटांपर्यंत जातात. अंगठ्याच्या बुडाशी मात्र छोटे स्नायू असतात, पेन पकडून ठेवायचं काम त्यांचं. मूल पेन घट्ट आवळतं तेव्हा हे स्नायू सतत ताणलेले राहतात. स्नायू आवळलेला राहिला की त्यात रक्त नीट फिरत नाही, तो थकतो, दुखतो आणि शेवटी पेटका येतो. घाई आणि परीक्षेची भीती असली की पकड आणखी घट्ट होते.

ही गोष्ट जुनीच आहे. इटलीतले वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७१३ साली, कामगारांच्या आजारांवरच्या आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत, लिखाण करणाऱ्या कारकुनांच्या दुखण्याची तीन कारणं सांगितली होती: सतत बसून राहणं, हाताची तीच तीच हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावर येणारा ताण. आजच्या परीक्षार्थीला तिन्ही लागू पडतात. आपल्याकडे कॉम्प्युटर येण्याआधी उर्दू वर्तमानपत्रं कातिब लोक हाताने लिहून काढायचे. खताती शिकताना बैठक आणि कलम धरायची पद्धत याला मोठं महत्त्व असतं. आपण मुलांना अक्षर सुधार म्हणतो, पण पेन कसं धरतोस हे क्वचितच बघतो.

पेन, पकड आणि बैठक

पेन अंगठा आणि तर्जनीने हलकं धरावं, मधल्या बोटावर टेकवावं. पकड बरोबर आहे का हे बघायची सोपी युक्ती म्हणजे लिहिताना दुसऱ्या हाताने पेन हळूच ओढून बघायचं. सहज सरकलं तर पकड ठीक. नखं पांढरी पडत असतील किंवा मागच्या पानावर अक्षरं उमटत असतील, तर दाब जास्त आहे. अगदी बारीक पेन घट्ट धरावं लागतं. रबराची ग्रिप असलेलं, थोडं जाड पेन घ्या. ज्या पेनाची शाई सहज वाहते त्याला दाब कमी लागतो. पण परीक्षेच्या दिवशी नवीन पेन नको. ज्या पेनाने सराव केला, त्याच प्रकारची दोन-तीन पेनं न्यावीत.

लिहिताना फक्त बोटं वळवू नयेत, हात कोपर आणि खांद्यातून सरकू द्यावा. मनगट सरळ असावं, हाताचा पुढचा भाग टेबलावर टेकलेला असावा.

आपल्या वस्तीत दहा बाय पंधराच्या खोलीत टेबल-खुर्ची कुठून आणायची, हे आम्हालाही कळतं. म्हणून मूल पलंगावर पालथं पडून नाहीतर मांडीवर वही घेऊन लिहितं, आणि मान, खांदा, मनगट सगळं वाकडं राहतं. त्यापेक्षा मदरशात असते तशी तिपाई, चौरंग किंवा मजबूत खोका चालतो. पाठ भिंतीला टेकवा, वहीखाली परीक्षेचा पॅड ठेवा. आठवड्यातून दोनदा तरी मशिदीच्या किंवा संस्थेच्या अभ्यासिकेत, नाहीतर शाळेच्या बाकावर बसून लिहावं, कारण पेपर बाकावरच लिहायचा आहे.

डावखुऱ्या मुलांबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगतो. उजव्या हाताने जेवायचा अदब शिकवणं वेगळं आणि लिहायचा हात जबरदस्तीने बदलायला लावणं वेगळं. हात बदलायला लावलेलं मूल सावकाश लिहितं आणि लवकर थकतं. त्याला डाव्या हातानेच लिहू द्या. मराठी-इंग्रजी लिहिताना कागदाचा वरचा भाग थोडा उजवीकडे झुकवा आणि पेन टोकापासून जरा वर धरायला सांगा.

सराव कसा वाढवायचा?

वर्षभर गाईड वाचायचं आणि जानेवारीत एकदम रोज चार तास लिहायचं, हे पेटक्यांना आमंत्रण आहे. पहिल्या आठवड्यात रोज २० मिनिटं सलग लिहा, मग ३०, ४५ असं वाढवत न्या. परीक्षेआधीच्या महिन्यात आठवड्याला एक पूर्ण तीन तासांचा पेपर, घड्याळ लावून. दोन पूर्ण पेपरांच्या मध्ये हाताला एक दिवस आराम.

दर २०-२५ मिनिटांनी पेन खाली ठेवून हे करा:

– मूठ हलकी मिटा, मग पाचही बोटं पूर्ण फाकवा. पाच वेळा.
– हात समोर सरळ करा, तळवा वर ठेवा आणि दुसऱ्या हाताने बोटं हळूच खाली, आपल्या दिशेने ओढा. १५ ते २० सेकंद. मग तळवा खाली करून उलट बाजूने तसंच.
– खांदे वर उचलून मागे फिरवा आणि हात खाली सोडून झटका.

रात्री कोमट पाण्यात पाच-दहा मिनिटं हात बुडवला, हलक्या हाताने तेल लावलं तर बरं वाटतं. जोरजोरात चोळू नका.

पेपर चालू असताना पेटका आला तर घाबरून आणखी जोराने लिहू नये. पेन ठेवा, हात बाकाखाली सोडा, दुसऱ्या हाताने बोटं सावकाश सरळ करा, दोन-चार खोल श्वास घ्या. यात अर्धा मिनिट जातो, पण पुढचा अर्धा तास वाचतो. तरीही दुखत असेल तर पेन तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मध्ये धरून बघावं, अंगठ्यावरचा भार कमी होतो. मात्र याचा सराव घरी आधी झालेला हवा.

आरीचं काम आणि रमजान

गोवंडीत जरीकाम खूप आहे. कित्येक मुलं-मुली शाळेतून येऊन अड्ड्यावर बसतात, आरी चालवतात, नाहीतर घरी मणी-टिकली लावतात. आरी धरायला तीच बोटं, तेच स्नायू. दोन तास आरी आणि मग दोन तास लिखाण, म्हणजे हाताला चार तासांची एकच मजुरी. घरची गरज आम्ही नाकारत नाही, पण परीक्षेच्या आधीचे दोन महिने तरी परीक्षार्थीला या कामातून मोकळं करा.

२०२५ मध्ये दहावीची परीक्षा आणि रमजान एकत्र आले होते. असं होतं तेव्हा इफ्तारपासून सहरीपर्यंत पाणी थोडं थोडं करून पुरेसं प्या, सहरी चुकवू नका आणि तरावीहनंतर मोबाईल बाजूला ठेवून झोपा. झोप अर्धवट राहिली की थकवा आणि ताण दोन्ही वाढतात.

डॉक्टरकडे कधी जावं?

रात्री अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येऊन जाग येत असेल, तर मनगटातली नस दबत असू शकते. करंगळी बधिर होत असेल तर कोपराजवळची नस. सूज असेल, हातातून वस्तू पडत असतील, आराम करूनही दोन-तीन आठवडे दुखत असेल, तरीही दाखवून घ्या. गोवंडीतच पालिकेचं शताब्दी रुग्णालय आहे, पुढच्या तपासणीसाठी सायन किंवा केईएम.

एक प्रकार वेगळा आहे. बाकी सगळी कामं नीट होतात, पण पेन धरताच बोटं आपोआप वाकतात किंवा ताठ होतात. याला रायटर्स क्रॅम्प म्हणतात. हा मेंदूकडून स्नायूंना जाणाऱ्या सूचनांमधला बिघाड आहे, आळस किंवा नाटक नाही. त्यावर न्यूरॉलॉजिस्टकडे उपचार असतात. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सुप्रीम कोर्टाने विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या खटल्यात असा त्रास असलेल्या उमेदवाराला लेखनिक मिळण्याचा हक्क मान्य केला. अपंगत्व ४० टक्के भरत नाही म्हणून लेखनिक नाकारता येणार नाही, असं कोर्टाने सांगितलं. म्हणून मुलाला असा त्रास असेल तर डॉक्टरांचं प्रमाणपत्र घेऊन शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे अर्ज करा. हॉलतिकीट हातात येईपर्यंत थांबू नका, शाळा सुरू होताच मुख्याध्यापकांना भेटा.

आज घरी गेल्यावर मुलाला एक पान लिहायला सांगा आणि अक्षराकडे नाही, त्याच्या बोटांकडे बघा. नखं पांढरी दिसली तर सुधारणा तिथूनच सुरू करा. परीक्षेपर्यंत हात तयार होईल, इन्शाअल्लाह.