परक्या देशात आधी पाठ करावा तो पत्ता

१२ जून २०२४ च्या पहाटे कुवेतमधील मंगाफ येथे कामगारांच्या निवासी इमारतीला आग लागली आणि किमान ४५ भारतीयांचा त्यात अंत झाला. आग तळमजल्यावर लागली होती. धूर जिन्याने वर चढत गेला आणि वरच्या मजल्यांवर झोपलेली बहुतेक माणसे जळून नव्हे, तर गुदमरून दगावली. परदेशी नोकरीला निघालेल्या माणसाच्या घरी पगार, व्हिसा आणि विमानाचे तिकीट यांचीच चर्चा होते. तिथे राहायच्या खोलीला जिना कुठे आहे आणि दुसरी वाट आहे का, हे कोणी विचारत नाही.

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातून आखातात आणि युरोपात जाणारी माणसे आहेत. चोर्ला घाटाच्या दोन्ही बाजूंना नातीगोती असल्याने गोव्यातील अनेक घरांनाही ही गोष्ट परकी नाही. सीमाभागातील माणूस भाषेला सहसा बिचकत नाही. घरात मराठी, कचेरीत कन्नड, गोव्यात आला की कोकणी आणि प्रवासात हिंदी, अशी त्याची सवयच असते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तर उंबरठा न ओलांडता इथल्या लोकांचे राज्य बदलले. परदेशात तो अडतो तो पत्त्यावर.

कारण आपला पत्ता खुणांवर चालतो. ‘कपिलेश्वर मंदिराच्या पलीकडे, दुसरा बोळ, पिठाच्या गिरणीसमोर’ एवढे सांगितले की बेळगावात रिक्षावाला नेमका दारात आणून सोडतो. दुबईत रुग्णवाहिका बोलावताना अशी खूण कामाची नाही. तिथे इमारतींच्या दर्शनी भागावरील पाटीवर ‘मकानी’ हा दहा अंकी क्रमांक असतो. कतारमध्ये निळ्या पाटीवर विभाग, रस्ता आणि इमारत यांचे क्रमांक लिहिलेले असतात. कुवेतमध्ये भाग, ब्लॉक, रस्ता आणि घर या क्रमाने पत्ता सांगावा लागतो, तर ब्रिटनमध्ये पोस्टकोड विचारतात. पोहोचल्याच्या पहिल्याच दिवशी या पाटीचे छायाचित्र घरी पाठवावे. पत्ता कागदावर लिहून पाकिटात ठेवावा, कारण ऐन वेळी मोबाइलची बॅटरी संपलेली असते. शाळेत जाणाऱ्या मुलांकडूनही तो पाठ करून घ्यावा.

त्याच कागदावर आपत्कालीन क्रमांक हवेत. संयुक्त अरब अमिरातीत पोलीस ९९९, रुग्णवाहिका ९९८ आणि अग्निशमन दल ९९७. कुवेतमध्ये ११२, ओमानमध्ये ९९९९, कतारमध्ये ९९९. ब्रिटनमध्ये ९९९, तर पोर्तुगालसह युरोपीय संघात सर्वत्र ११२. फोन लागताच आधी ठिकाण सांगावे, मग काय झाले ते. संभाषण मध्येच तुटले तरी मदत कुठे पाठवायची हे कळलेले असते. ब्रिटनमध्ये आणखी एक सोय आहे, आणि पतीसोबत नव्याने गेलेल्या प्रत्येक स्त्रीला ती ठाऊक असावी असे वाटते. घरातच धोका असून बोलणे शक्य नसेल, तर मोबाइलवरून ९९९ लावून, विचारणा झाल्यावर ५५ दाबावे. फोन पोलिसांकडे वळवला जातो. मात्र एवढ्याने ठिकाण आपोआप कळत नाही, म्हणून पोलिसांच्या प्रश्नांना खोकून किंवा फोनवर टिचकी मारून उत्तर द्यावे लागते.

रस्ता ओलांडण्याची गोष्ट क्षुल्लक वाटते, पण तशी नाही. आपल्याकडे वाहने डाव्या बाजूने चालतात, म्हणून पाऊल टाकण्यापूर्वी मान आपोआप उजवीकडे वळते. आखातात आणि पोर्तुगालमध्ये वाहतूक उजव्या बाजूने असते आणि पहिली गाडी डावीकडून येते. जन्मभराची सवय आठवड्यात सुटत नाही. ब्रिटनमध्ये हा प्रश्न येत नाही, कारण तिथे आपल्यासारखेच आहे.

हिवाळ्यात आखातातही रात्री गार पडतात. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपणे जिवावर बेतते. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला जाग येत नाही.

आता पासपोर्टविषयी. कामगाराचा पासपोर्ट मालकाने अडकवून ठेवण्यास अमिराती आणि कतारच्या कायद्याने मनाई आहे. तरीही ‘सांभाळून ठेवतो’ म्हणून तो मागितला जातो आणि अरबीतील एखाद्या कागदावर सही घेतली जाते. न समजणाऱ्या कागदावर सही करू नये. पासपोर्ट हरवल्यास आधी पोलिसांत नोंद करावी, मग भारतीय दूतावास गाठावा. त्याची छायाप्रत जवळ असली की पुढचे काम सोपे होते.

यातील बराचसा धोका निघण्यापूर्वीच टाळता येतो. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर सहसा ‘ईसीआर’ नोंद असते आणि आखातासह १८ देशांत नोकरीसाठी जाताना त्यांना सरकारी परवानगी लागते. एजंट नोंदणीकृत आहे का, हे ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संकेतस्थळावर पाहता येते. नोंदणीकृत एजंटाला ३० हजार रुपये आणि त्यावरील जीएसटी, यापेक्षा अधिक सेवाशुल्क घेता येत नाही. ‘सध्या पर्यटक व्हिसावर चला, तिथे बदलून देतो’ असे कोणी म्हणाला, तर त्याच्याशी बोलणे तिथेच थांबवावे. ईसीआर कामगारांसाठी प्रवासी भारतीय विमा योजना असून अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी तिच्यात १० लाख रुपयांचे संरक्षण आहे. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये आणि कर इतकाच.

पासपोर्ट, व्हिसा, करारपत्र आणि विमा यांच्या प्रती घरी ठेवून जाव्यात. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार नोंदवायला तो माणूस स्वतःच हवा असे नाही. निपाणीत बसलेली त्याची पत्नी किंवा भाऊही ती नोंदवू शकतो, आणि तेव्हा हेच कागद लागतात.