हॅलो, आवाज तुटतोय!

प्रतिनिधी

परदेशी असलेल्या मुलाचा रविवारी फोन येतो, पाच मिनिटे खुशाली सुरळीत चालते आणि नेमके आईच्या तपासण्यांचे बोलणे निघाले की आवाजाचे तुकडे होऊ लागतात. 'ऐकू येतंय का?' या एकाच प्रश्नावर संभाषण अडकते. घरातील दूरध्वनी तांब्याच्या तारेवरून इंटरनेटवर आल्यापासून हा अनुभव अनेकांच्या परिचयाचा झाला आहे. त्यावर उपाय म्हणून ग्राहक अधिक वेगाचा प्लॅन घेतात. हा खर्च बहुधा वाया जातो.

आवाजाला वेग फारसा लागतच नाही. इंटरनेटच्या फोनमध्ये बोलणे साधारणतः २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत कापले जाते आणि सेकंदाला अशी ५० पाकिटे रवाना होतात. जी.७११ या रूढ पद्धतीत प्रत्येक पाकिटात १६० बाइट आवाज आणि ४० बाइट पत्ता वगैरे मजकूर असतो. हिशेब केल्यास एका दिशेला ८० किलोबिट, म्हणजे एका मेगाबिटच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी! गरज असते ती पाकिटे वेळेवर पोहोचण्याची. ई-मेलचे हरवलेले पाकीट पुन्हा मागवता येते. बोलण्यातला शब्द दोन सेकंदांनी येऊन उपयोग नसतो. त्यामुळे उशिरा आलेले पाकीट फोन सरळ टाकून देतो आणि तेथे आवाजात खड्डा पडतो.

दोष शोधताना पहिला प्रश्न विचारावा, तुटक आवाज कोणाला ऐकू येतो? पलीकडच्याचे बोलणे स्वच्छ येत असेल आणि आपलेच तिकडे तुटत असेल, तर संशय अपलोडवर घ्यावा. मोबाइलमधील छायाचित्रे आपोआप साठवणीस जात असतात, दारावरचा कॅमेरा चित्रण पाठवत असतो. राऊटरपाशी रांग लागते आणि आवाजाची पाकिटे त्या रांगेत खोळंबतात. हे सारे थोडा वेळ बंद करून फोन लावला की खरे-खोटे लगेच कळते. त्यावर कायमचा इलाज राऊटरमध्येच असतो. 'क्यूओएस' या सोयीने फोनला अग्रक्रम द्यावा आणि अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष वेगाच्या ८५ ते ९० टक्क्यांवर बांधावी.

दोन्हीकडे तुटत असेल तर आधी वाय-फाय तपासावे. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात शेजारच्या दहा घरांचे राऊटर आणि स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्हही गर्दी करतात. फोनचे अॅडॉप्टर केबलने थेट राऊटरला जोडून पाहणे ही सर्वांत स्वस्त चाचणी. त्यानंतर संगणकावरून 'पिंग' ही आज्ञा आधी राऊटरला आणि मग बाहेरच्या एखाद्या संकेतस्थळाला शंभरदा द्यावी. राऊटरपर्यंतच पाकिटे गळत असतील तर दोष घरातला. तेथवर ठीक, पण पुढे गळत असतील तर कंपनीचा. तारीख, वेळ आणि हे आकडे लिहून ठेवले, की 'राऊटर बंद करून चालू करा' या ठरावीक उत्तरापुढे तक्रार सरकते.

आवाज तुटण्याऐवजी एका बाजूला पहिल्यापासून शांतताच असेल, किंवा कॉल दर वेळी अर्ध्या मिनिटाच्या सुमारास बंद पडत असेल, तर प्रकरण वेगळे. येथे बहुतेकदा राऊटरमधील 'एसआयपी एएलजी' नावाची सोय आड येते. मदतीसाठी दिलेली ही सोय पाकिटांवरील पत्ते बदलताना घोळ करते. कॉल उचलल्याची पोच न मिळाल्यास यंत्रणा ३२ सेकंदांनी तो तोडते. ही सोय बंद करताच अनेकदा दोन्ही तक्रारी मिटतात.

एक गोष्ट मात्र कोणत्याही जुळणीने साधत नाही. जुन्या फोनला एक्स्चेंजमधूनच ४८ व्होल्टचा वीजपुरवठा होत असे. दिवे गेले तरी तो चाले. इंटरनेटचा फोन राऊटरबरोबरच मुका होतो. घरात एकटे ज्येष्ठ नागरिक असतील तर राऊटर आणि फायबरच्या पेटीला छोटा यूपीएस जोडावा, आणि ११२ क्रमांकासाठी चार्ज केलेला मोबाइल त्यांच्या हाताशी ठेवावा.