हाडाची गाठ आणि सुईची बायोप्सी: छिद्र छोटं, पण जागा महत्त्वाची

खेळताना गुडघ्याला लागलं की आपण स्प्रे मारतो, क्रेप बँडेज बांधतो आणि विसरून जातो. बहुतेक वेळा तेवढं पुरतं. पण दुखणं काही आठवडे थांबत नसेल, रात्री झोपमोड होत असेल, सूज वाढत असेल, तर मालिश करत बसू नका. आधी डॉक्टरांना दाखवून एक्स-रे काढा.

हाडातच सुरू होणारा कॅन्सर दुर्मीळ आहे. सगळ्या कॅन्सरमध्ये त्याचं प्रमाण एक टक्क्याहूनही कमी. मात्र ऑस्टिओसार्कोमा आणि युइंग सार्कोमा हे त्यातले दोन प्रकार मुख्यतः लहान आणि तरुण वयातच होतात.

बायोप्सी कशाला?
एक्स-रेवरून फक्त संशय येतो. हाडाचा टीबी किंवा जंतुसंसर्गही कधीकधी तसाच दिसतो आणि त्याचे उपचार पूर्ण वेगळे. म्हणून गाठीचा तुकडा तपासावाच लागतो.

ती होते कशी?
जागा बधिर करतात. लहान मुलांना पूर्ण भूल देतात. सीटी स्कॅनवर बघत पोकळ सुई गाठीत घालून बारीक तुकडे काढतात. मोठी चिरफाड नाही. हाड कडक असल्यामुळे लॅबमध्ये आधी त्यातलं कॅल्शियम विरघळवतात, मगच पातळ काप निघतात. रिपोर्टला काही दिवस लागतात ते यामुळे. युइंगची शंका असेल तर ईडब्ल्यूएसआर१ या जनुकातला बदलही तपासतात.

खरी गोष्ट इथे आहे
सुई गेलेल्या वाटेवर कॅन्सरच्या पेशी राहू शकतात. त्यामुळे ऑपरेशनच्या वेळी ती वाटही गाठीसोबत काढावी लागू शकते. सुई भलत्याच जागी घातली, तर जास्त स्नायू काढावे लागतात. कधी वाचू शकणारा पायही जातो. अमेरिकेतले सर्जन हेन्री मॅन्किन यांनी 1996 मध्ये हाडांच्या आणि मऊ भागांच्या गाठींचे 597 रुग्ण तपासले. चुकीच्या बायोप्सीमुळे त्यातल्या 18 जणांचा हात किंवा पाय विनाकारण कापावा लागला होता. मोठ्या केंद्रात पाठवण्याआधीच बायोप्सी उरकली होती, तिथे चुका कित्येक पट जास्त होत्या.

म्हणून क्रम लक्षात ठेवा: आधी एमआरआय, मग बायोप्सी. आणि सुई कुठून घालायची हे पुढे ऑपरेशन करणाऱ्या टीमनेच ठरवायचं.

वसईकरांनी काय करावं?
विरार-चर्चगेट लोकलने दादर गाठलं की परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल जवळच आहे. 1941 पासून तिथे कॅन्सरवर उपचार होतात. जाताना एमआरआयची सीडी न्या. व्हॉट्सॲपवरच्या फोटोत बारकावे जातात. मूळ फाइलमध्ये डॉक्टर उजेड कमी-जास्त करून बघतात, गाठ मोजतात. बायोप्सी आधीच झाली असेल, तर रिपोर्टसोबत लॅबमधून काचेच्या स्लाइड आणि मेणाचे ब्लॉकही मागून घ्या.

घाबरून वेळ घालवू नका, पण घाईत कुठेही सुई टोचूनही घेऊ नका.