तज्ज्ञाच्या दारापर्यंतचे अंतर

चार वर्षांचे मूल सकाळी उठते, तेव्हा त्याच्या डोळ्यांभोवती सूज असते. संध्याकाळपर्यंत ती उतरते आणि पाय सुजलेले दिसतात. काही चावले असेल, बाधले असेल, असे घरचे म्हणतात. गावातील डॉक्टर अ‍ॅलर्जीचे औषध देतात. दिवस जातात, पोट फुगते, लघवी कमी आणि फेसाळ होते. अखेर तालुक्याला लघवी तपासली जाते, तीतून प्रथिने जात असल्याचे आढळते आणि चिठ्ठीवर एक ओळ लिहिली जाते : मूत्रपिंडाच्या तज्ज्ञास दाखवावे. कोणत्या तज्ज्ञास, कोणत्या गावी, कोणत्या वारी, हे त्या ओळीत नसते. मराठवाड्यातील वा विदर्भातील शेतमजूर कुटुंबाची खरी परवड येथून सुरू होते.

'नेफ्रॉटिक सिंड्रोम' या नावाने ओळखला जाणारा हा विकार मुख्यतः दोन ते सहा वर्षांच्या मुलांत आढळतो. तो साध्या तपासणीत लक्षात येतो, त्यावरील प्रेडनिसोलोन हे औषध स्वस्त आहे आणि शंभरांपैकी सुमारे ८० ते ८५ मुलांना ते लागू पडते. मात्र पहिल्या खेपेस ते साधारणतः १२ आठवडे, ठरलेल्या मात्रेत द्यावे लागते, आणि पुढे निम्म्याहून अधिक मुलांत आजार उलटतो. साधा रुग्ण बालरोगतज्ज्ञही सांभाळू शकतो. परंतु औषध लागू पडत नसेल, आजार वारंवार उलटत असेल, रक्तदाब वाढला असेल, तर बालमूत्रपिंडविकारतज्ज्ञाचाच सल्ला हवा. हे तज्ज्ञ प्रामुख्याने मुंबई, पुणे, नागपूर अशा मोठ्या शहरांत एकवटले आहेत. मोठ्यांच्या मूत्रपिंडविकारांचा तज्ज्ञ वेगळा, मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया करणारा वेगळा, आणि मुलांचा वेगळा, हे आईबापांना कोणी सांगितलेले नसते. चुकीच्या प्रत्येक दारात काही दिवस आणि काही पैसे खर्ची पडतात.

वस्तूच्या किमतीखेरीज ती शोधण्यासही किंमत पडते, हा विचार जॉर्ज स्टिगलर यांनी १९६१ मध्ये अर्थशास्त्रात मांडला. आजारी मुलाच्या बाबतीत ही किंमत औषधाच्या किमतीहून कितीतरी अधिक असते. सरकारी रुग्णालयात तपासणी फुकट झाली, तरी दोघांची बुडालेली मजुरी, शहरातील मुक्काम, शेजारी ठेवलेले धाकटे मूल, यांचा हिशेब कोणत्याही पावतीवर येत नाही. २०२३ पासून एस. टी.त स्त्रियांना अर्धे तिकीट आहे, हा दिलासा खरा. परंतु तिकीट हा या खर्चाचा एक भाग झाला. फेरी एकच असती, तर कर्ज काढूनही ती झाली असती. येथे फेऱ्या अनेक असतात. तिसऱ्या-चौथ्या फेरीला बाप विचार करतो : सूज तर उतरली, मूल खेळते आहे, मग एक दिवसाचा रोज का बुडवावा? औषध मध्येच थांबते आणि आजार उलटतो. याला अडाणीपणा म्हणणे सोपे आहे. वस्तुतः तो बाप आपल्या तुटपुंज्या मिळकतीत जमाखर्च जुळवत असतो. त्याच्यापुढे मांडलेला हिशेबच चुकीचा आहे.

आणि तो हिशेब शासकीय धोरणानेही काही प्रमाणात मांडलेला आहे. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेचा लाभ मुख्यतः रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णास मिळतो. २०१६ पासूनचा राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम मूत्रपिंडे निकामी झाल्यानंतर मदतीस येतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ २०१३ मध्ये पालघर येथे झाला. त्यात अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुलांची एकदा तपासणी अभिप्रेत आहे. परंतु त्यासाठी प्रथम निवडलेल्या ३० विकारांत मूत्रपिंडाच्या विकारास स्थान नव्हते. तात्पर्य, तिजोरी उघडते ती मूल खाटेला खिळल्यावर. ते हिंडते-फिरते असताना चार पैशांत जे साधले असते, त्याची तरतूद तोकडी राहते.

प्रत्येक जिल्ह्यास असा तज्ज्ञ द्यावा, ही मागणी आकर्षक असली तरी नजीकच्या काळात व्यवहार्य नाही. तज्ज्ञ घडण्यास वर्षे लागतात, आणि थोड्या रुग्णांच्या आजाराचे ज्ञान मोठ्या शहरात एकवटणे स्वाभाविकही आहे. म्हणून सतत प्रवास करावयाचा तो ज्ञानाने, मुलाने नव्हे. चेहऱ्यावर सूज असलेल्या प्रत्येक मुलाची लघवी प्राथमिक आरोग्य केंद्रातच पट्टीने तपासली जावी. मुलांच्या दंडास बसेल असा रक्तदाबाचा पट्टा तेथे असावा. जिल्हा रुग्णालयातील बालरोगतज्ज्ञाने ठरलेल्या दिवशी शहरातील तज्ज्ञाशी दूरसल्लामसलत करावी. त्यासाठी 'ई-संजीवनी' ही व्यवस्था २०१९ पासून आहेच. ज्यास जाणे अटळ आहे, त्याच्या चिठ्ठीवर रुग्णालय, विभाग, वार आणि सोबत न्यावयाचे कागद लिहिलेले असावेत. क्षयरुग्णास २०१८ पासून पोषणासाठी दरमहा रोख साहाय्य मिळते. त्याच न्यायाने या मुलाच्या सोबत्यास प्रवासखर्च आणि बुडालेल्या रोजाची भरपाई का मिळू नये?

काही गोष्टी शासनाची वाट न पाहताही होऊ शकतात. जुन्या चिठ्ठ्या आणि अहवाल एका पिशवीत राहावेत. सकाळच्या लघवीची पट्टीने केलेली तपासणी आणि वजन यांची नोंद वहीत व्हावी. तज्ज्ञाला त्या वहीतून मुलाचे अनेक महिने एका बैठकीत वाचता येतात. स्टेरॉइड आपल्या मनाने थांबवू नये; ताप आणि पोटदुखी एकत्र आली, तर क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे.

सकाळच्या प्रार्थनेला सुजल्या चेहऱ्याने उभे असलेले मूल प्रथम दिसते ते शिक्षकाला. केसपेपरच्या खिडकीशी गोंधळलेला बाप प्रथम दिसतो तो कारकुनाला. एकाने पालकांना बोलावून लघवी तपासण्यास सांगितले, दुसऱ्याने योग्य विभागाचे नाव आणि वार कागदावर लिहून दिला, तर तज्ज्ञाच्या दारापर्यंतचे अंतर काही कोसांनी कमी होईल. उरलेले अंतर कमी करणे हे शासनाचे कर्तव्य आहे, आणि त्याची आठवण देत राहणे हे आपले.