हापूसची थेट विक्री: व्हॉट्सॲपचा योग्य वापर

बाजारात पाठवलेल्या पेटीचा दर दुसरा ठरवतो. थेट विक्रीत दर बागायतदार ठरवतो. मात्र ग्राहकाचा विश्वासही त्यालाच मिळवावा लागतो.

• मोहोर, फळधारणा, काढणी यांचे आपल्याच बागेतील फोटो हंगामाआधीपासून टाकावेत. इंटरनेटवरचे फोटो वापरू नयेत.

• ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ क्रमांक बसतात. परंतु ज्यांनी आपला क्रमांक सेव्ह केला आहे, त्यांनाच संदेश पोहोचतो. त्यामुळे पहिल्या पेटीसोबतच तशी विनंती करावी.

• संदेशात फळाचे वजन, पेटीतील डझन, काढणीची तारीख आणि वाहतूक खर्चासह दर लिहावा.

• हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या जिल्ह्यांतील बागायतदारांनी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी. त्यानंतरच मानांकनाचे चिन्ह वापरावे.

• साका बाहेरून ओळखता येत नाही. साक्याचे फळ निघाल्यास भरपाई कशी देणार, हे आधीच कळवावे. तक्रारीला त्याच दिवशी उत्तर द्यावे. सोसायटीच्या ग्रुपवर पडलेला खराब आंब्याचा एक फोटोही पुढच्या हंगामाचे गिऱ्हाईक तोडतो.