निवटी : खाडीच्या चिखलांतील मासळी

ठाणे व रायगड जिल्ह्यांतील खारभूमीच्या बांधावरून ओहोटीच्या वेळीं जाणाऱ्या शेतकरी बंधूंस निवटी अपरिचित नाहीं. आगरी व कोळी लोक ती चिखलांत हात घालून धरतात. परंतु मासा असून ती पाण्याबाहेर जगते कशी, याचा विचार क्वचितच होतो.

निवटी फार तर वीतभर लांबीची असते. तिचे डोळे माथ्यावर उंच असल्यानें अंग चिखलांत असतांही चोहोंकडे नजर राहते. छातीजवळील बळकट परांच्या टेकूवर ती सरपटते व शेपटीच्या झटक्यानें उडी मारते. इतर मासे बाहेर काढल्यास त्यांचे कल्ले परस्परांस चिकटतात व ते गुदमरतात. निवटी मात्र कल्ल्यांच्या पोकळींत पाणी धरून ठेवते. शिवाय ओल्या कातडींतून व तोंडाच्या अस्तरांतून हवेंतील प्राणवायु घेते. कातडी सुकूं नये म्हणून ती वारंवार चिखलांत लोळते.

ओल्या चिखलावर जी तपकिरी साय दिसते, ती अतिसूक्ष्म वनस्पतींची होय. डोकें डावी-उजवीकडे हलवीत निवटी ती खरवडून खाते. भरतीच्या वेळीं ती आपल्या बिळांत शिरते. अंडींही बिळांतच घातलीं जातात. परंतु तेथील पाण्यांत प्राणवायु अत्यल्प असतो. निवटीच्याच गोत्रांतील एका जपानी माशाविषयीं २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत असें आढळलें कीं, नर तोंडांतून हवा नेऊन अंड्यांच्या दालनांत सांठवितो. अंडीं पक्व झालीं म्हणजे रात्रीच्या भरतीस तीच हवा बाहेर काढून पाणी आंत घेतो, आणि पिलें बाहेर पडतात.

आतां आपल्या कर्तव्याचा विचार करूं. भातखाचरांतील पाणी उघाडींतून खाडींत जातें. त्यांत तणनाशक असल्यास चिखलावरील सायीसही तें मारक ठरतें, व साय गेली कीं निवटीचें अन्नच गेलें. म्हणून औषध मारल्यावर लगेच उघाडी उघडूं नये. औषधाचे डबेही खाडींत धुऊं नयेत. तसेंच, बांधापुढील कांदळवन राखावें. तें लाटांचा जोर मोडून बांध वांचवितें. मुंबई उच्च न्यायालयानें २०१८ सालीं, अपवादात्मक सार्वजनिक कामें वगळतां, त्याच्या तोडीस राज्यभर मनाई केली आहे. निवटीचा चिखल व आपला बांध हे शेजारी आहेत. एकाचें रक्षण केल्यास दुसऱ्याचेंही होतें.